अपग्रेडनंतर हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बिघडलं. जुन्यावर परत जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा. गंगापूर रोडकडचं वीस खाटांचं हॉस्पिटल. शनिवारी रात्री कंपनीच्या माणसाने रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं आणि त्याच बैठकीत सर्व्हरचं जुनं मशिन काढून विंडोज ११ चं नवं बसवलं. सोमवारपासून काही पेशंटच्या जन्मतारखा चुकीच्या दिसतायत. डिस्चार्ज कार्डावरचा मराठी सल्ला कुठे चौकोन, कुठे प्रश्नचिन्हं होऊन छापला जातोय. जुने स्कॅन केलेले रिपोर्ट उघडत नाहीत, आणि सकाळी दहा ते बारा सगळं इतकं रखडतं की रिसेप्शनची मुलगी रडकुंडीला येते. कंपनी म्हणते नेटवर्क तपासा, नेटवर्कवाला म्हणतो सॉफ्टवेअर बघा. आज गुरुवार. विचारणाऱ्या बाई डॉक्टरांच्या पत्नी, सगळा कारभार त्याच बघतात, आणि त्यांचं शेवटचं वाक्य आहे: "शनिवारचा बॅकअप आहे, जुन्यावर परत जाऊ का?"

मॅडम, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आज तरी परत जाऊ नका. शनिवारचा बॅकअप मात्र जिवापाड जपा, तुमची निम्मी कटकट त्याच्याच जोरावर सुटणार आहे. कशी, ते पुढे येईल.

मी वीसेक वर्षं नाशिकमध्ये दवाखाने, हॉस्पिटलं आणि लॅबच्या कॉम्प्युटरची कामं करतो. सॉफ्टवेअर विकत नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीची बाजू घ्यायचं कारण नाही. तुम्ही याला "अपग्रेडचा प्रॉब्लेम" असं एकच नाव दिलंय, पण ही चार वेगळी दुखणी आहेत आणि एकाच दिवशी आल्यामुळे एक वाटतायत. त्यातली एक-दोन तर बहुधा सॉफ्टवेअरची नाहीतच, नव्या मशिनची आहेत. आणि एक पाचवं आहे, जे तुम्हाला अजून दिसलेलंच नसेल.

काही गोष्टी तुमच्याकडे काय आहे त्यावर ठरतील. तुम्ही पाठवलेल्या एररच्या फोटोवरून डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी जिथे साठतात तो प्रोग्राम, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टची फुकट मिळणारी आवृत्ती) दिसतोय, ते धरून पुढचं लिहितो. डेटा तुमच्याच मशिनवर आहे हेही धरलंय. तो कंपनीच्या क्लाउडवर असता, तर यातलं निम्मं तुमच्या हातातच नसतं आणि फोनवर भांडणं एवढंच उरलं असतं.

आता परत का जायचं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी नाशिकरोडच्या बाजूला एका हॉस्पिटलात असाच गोंधळ झाला. बुधवारी वैतागून त्यांनी शनिवारचा बॅकअप रिस्टोअर केला, म्हणजे शनिवारची प्रत पुन्हा चढवली. सॉफ्टवेअर झकास चालू लागलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सोमवार, मंगळवार आणि बुधवार सकाळच्या एंट्री गेल्या, त्या कागदावरून पुन्हा टाकू असं ठरलं. ठरलं ते ठीक, पण एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. पेशंट नंबर देणारा आकडाही शनिवारवर गेला होता. त्या तीन दिवसांत आलेल्या तीसेक नव्या पेशंटना कार्डं छापून दिली होती, आणि तेच नंबर पुढच्या दोन दिवसांत दुसऱ्या माणसांना गेले. शुक्रवारी सिन्नरहून एक आजोबा ड्रेसिंगला आले. कार्डावरचा नंबर टाकला तर स्क्रीनवर एका बाळंतिणीची फाइल उघडली. सिस्टर जुन्या होत्या, नाव मोठ्याने पुकारायची त्यांची सवय होती, म्हणून तिथेच पकडलं गेलं. लॅबमध्ये नाव कोण पुकारतो? तिथे नुसत्या नंबरावर नळीला चिकटपट्टी लागते. ते नंबर निस्तरायला महिना गेला, त्यात बिलांचे नंबरही दुबार झालेले.

तुमचे तर आता चार दिवस होत आलेत. शिवाय एक तांत्रिक अडथळा आहे: एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या आवृत्तीचा बॅकअप नव्या आवृत्तीवर चढतो, नव्याचा जुन्यावर चढत नाही. म्हणजे नव्या मशिनवर नवी आवृत्ती टाकली असेल, तर सोमवारनंतरचा डेटा जुन्या सर्व्हरवर सहज नेताच येणार नाही.

आज संध्याकाळी ओपीडी संपली की पहिलं काम: आत्ता जसा आहे तसा, बिघडलेला का असेना, डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घ्या आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. शनिवारचा त्याच्या शेजारी, वेगळ्या नावाने. डिस्क सर्व्हरला लावून ठेवू नका, कपाटात ठेवा. दुसरं, जुनं मशिन कुठे आहे ते बघा. बायबॅकमध्ये कंपनीचा माणूस घेऊन गेला असेल तर आत्ता फोन करा आणि फॉरमॅट करू नका म्हणून सांगा. अकाउंटच्या पोराला टेबलावर मांडायला दिलं असेल तर उचलून आणा. तिसरं, सगळं मार्गी लागेपर्यंत केसपेपर कागदावर चालू द्या आणि ॲलर्जी पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून घ्या. पेठ-सुरगाण्याकडची माणसं साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे जुने कागद घेऊन येतात, ती पिशवी या आठवड्यात नीट उघडून बघा.

आता जन्मतारखा. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्या बिघाडांनी वेळ जातो, याने चुकीचा डोस जातो.

आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकन पद्धतीत महिना आधी. नवं मशिन बसवताना विंडोजची किंवा एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगिनची भाषा अमेरिकन इंग्रजी राहिली, की ०५/११/२०२४ म्हणजे ५ नोव्हेंबर ही तारीख ११ मे म्हणून वाचली जाते. जुन्या सॉफ्टवेअरने तारखा साध्या मजकुरासारख्या साठवल्या असतील आणि अपग्रेडमध्ये त्या खऱ्या तारखांमध्ये बदलल्या गेल्या असतील, तर ही चूक कायमची कोरली जाते. गंमत अशी की सगळ्या तारखा बिघडत नाहीत. २५/०८ मध्ये २५ हा महिना होऊच शकत नाही, त्यामुळे काही प्रोग्राम गुपचूप २५ ला दिवस मानतात आणि तारीख बरोबर निघते. काही एरर देऊन रकाना रिकामा सोडतात. म्हणून दहा पेशंट तपासले तर सहा-सात बरोबर दिसतात, आणि कंपनीचा माणूस म्हणतो, "मॅडम, एंट्रीच चुकली असेल तुमच्या मुलीची." हिशेब करून बघा. दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आत अशा तारखा वर्षात १४४. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा उलटल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. म्हणजे ३६५ पैकी १३२ तारखांनाच हा रोग होतो, साधारण तिघांत एकाला.

ओळखायची खूण सांगतो. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालायला गेल्यावर गुरुजींनी लावून दिलेली. तुमच्या पेशंटच्या यादीत १ जूनवाले ढिगाने असणार, विशेषतः पन्नाशीच्या पुढचे. तारखा उलटल्या असतील तर ही सगळी मंडळी ६ जानेवारीला जन्मलेली दिसतील. पेशंटची यादी एक्सेलमध्ये काढा, ६ जानेवारीचे किती ते मोजा. पाच-दहा निघाले तर प्रश्न बहुधा वेगळा आहे. शेकड्याने निघाले तर रोग पकडला, आणि कंपनीला दाखवायला याहून सरळ पुरावा नाही.

मोजण्याआधी एक करा. तोच पेशंट दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर उघडा. एकावर तारीख बरोबर आणि दुसऱ्यावर चूक असेल तर डेटा शाबूत आहे, फक्त त्या एका मशिनची तारखेची पद्धत बदलायची. पण तोवर कोणीही जुन्या पेशंटची फाइल उघडून "सेव्ह" दाबू नये. चुकीची दिसणारी तारीख सेव्ह केली की ती खरोखरच चुकीची होते. रिसेप्शनवर चिठ्ठी लावा: जुन्या पेशंटची माहिती बघायची, बदलायची नाही.

सगळीकडे चूक असेल तर कंपनीचा माणूस म्हणेल, "एक क्वेरी मारतो, सगळ्या तारखा उलट्या करून देतो." क्वेरी म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम. मारू देऊ नका. सोमवारनंतर टाकलेल्या तारखा बरोबर आहेत, २५/०८ सारख्या आधीपासूनच बरोबर आहेत, आणि मधल्या काळात कोणीतरी हाताने दुरुस्त केलेल्याही असतील. सरसकट उलटवल्या तर बरोबर असलेल्या बिघडतील आणि मग कशावरच विश्वास ठेवता येणार नाही. इथे शनिवारचा बॅकअप कामी येतो. तो वेगळ्या नावाने, शक्यतो वेगळ्या मशिनवर रिस्टोअर करून घ्यायचा, चालू डेटाला हात न लावता. मग पेशंट नंबर लावून शनिवारची तारीख आणि आजची तारीख शेजारी-शेजारी काढायची. जिथे फरक आहे आणि शनिवारनंतर ती नोंद कोणी बदललेली नाही, तिथे शनिवारची घ्यायची. बदललेल्या थोड्या उरतील, त्या केसपेपर किंवा आधार बघून हाताने. अशा कामाला एखादा दिवस लागतो. कंपनीने आठवडा सांगितला तर त्यांना जमत नाही असं समजा.

हे इतकं ताणून का सांगतोय? तीन महिन्यांचं बाळ स्क्रीनवर नऊ महिन्यांचं दिसलं, तर सॉफ्टवेअर गोवर-रुबेलाच्या लशीची आठवण काढून देतं. बाळ समोर असताना डॉक्टर फसणार नाहीत. पण फोन करून लशीला बोलावणारी मुलगी यादी बघून बोलावते, बाळ बघून नाही.

मराठी मजकुराकडे येतो. चौकोन आणि प्रश्नचिन्हं एकाच माळेत ओवू नका. चौकोन म्हणजे अक्षर जागेवर आहे, पण ते काढायला लागणारा फॉन्ट त्या मशिनवर नाही. जुन्या मशिनवर कोणीतरी कधीकाळी टाकलेला असतो, नव्यावर आणायचं राहून जातं. फॉन्ट टाकला की काम झालं. प्रश्नचिन्ह म्हणजे अक्षर गेलं. साठवतानाच डेटाबेसने त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं, आता जगातला कुठलाही फॉन्ट ते परत आणणार नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकुराचे दोन प्रकारचे रकाने असतात, व्हारचार आणि एनव्हारचार. पहिल्यात साधारणपणे मराठी मावत नाही. रकाना दुसऱ्या प्रकारचा असूनही प्रोग्रामने पाठवताना मजकुराच्या आधी एन हे अक्षर लावलं नाही, तरी हेच होतं.

तपासायचं कसं? एखादा खोटा पेशंट तयार करा, सल्ल्याच्या रकान्यात "पाणी उकळून गाळून प्या" असं लिहा, सेव्ह करा, स्क्रीन बंद करून पुन्हा उघडा. मजकूर नीट परत आला तर साठवण ठीक आहे, भानगड छपाईत आहे. प्रश्नचिन्हं आली तर त्या क्षणापासून सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करणं बंद. तुम्ही लिहिलेली बाकीची तीन दुखणी उद्यापर्यंत थांबू शकतात, हे एक थांबू शकत नाही, कारण दर तासाला नवा मजकूर कायमचा जातोय. सोमवारपासून टाकलेले सल्ले कागदावरून पुन्हा टाकावे लागतील. शनिवारच्या आधीच्या मजकुराचीही प्रश्नचिन्हं झाली असतील, तर पुन्हा तोच शनिवारचा बॅकअप, तिथून तो रकाना उचलायचा.

तिसरा एक प्रकार तुम्ही लिहिला नाही, पण दहा-पंधरा वर्षं जुना डेटा असेल तर भेटेलच. जुना मराठी मजकूर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. तो कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असल्या फॉन्टच्या काळातला, युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीची आजची सामायिक पद्धत) आधीचा. तिथे साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, त्यांना मराठी रूप फॉन्ट देतो. याचं रूपांतर करून मिळतं, पण एक धोका आहे. सल्ल्यात मध्येच औषधाचं नाव इंग्रजीत असतं. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला कुठली इंग्रजी अक्षरं खरी आणि कुठली मराठीच्या सोंगातली हे कळत नाही. तो पॅरासिटामॉलचाही काला करतो, आणि डोसच्या आकड्यांचं काय होईल याचा नेम नाही. म्हणून असा मजकूर मी बदलत नाही. जुना तसाच वाचायला ठेवतो, तो फॉन्ट मशिनवर टाकून देतो, आणि नवा सगळा युनिकोडमध्ये.

जुने रिपोर्ट उघडत नाहीत ते बहुधा हरवलेले नाहीत. अशा सॉफ्टवेअरमध्ये स्कॅनची फाइल एका शेअर्ड फोल्डरमध्ये पडलेली असते आणि डेटाबेसमध्ये फक्त तिचा पत्ता. नव्या मशिनचं नाव वेगळं, ड्राइव्हचं अक्षर वेगळं, की पत्ता चुकला. जुन्या मशिनवर तो फोल्डर आहे का, आणि त्यातल्या फाइलींची संख्या नव्यावरच्या फोल्डरइतकीच आहे का, हे बघा. (जुनं मशिन देऊ नका म्हटलं ते यासाठी.) फाइली नेटवर्कवरच्या वेगळ्या डब्यात, नॅसवर असतील, तर दुसरी शक्यता. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून उघडणारे फोल्डर प्रो आवृत्तीत मुळातच बंद आहेत, आणि देवाणघेवाणीला डिजिटल सहीची सक्ती आहे. जुन्या नॅसला ते जमत नाही. यावर नेटवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, बदल करून सक्ती काढून टाकायचे उपाय सापडतील. ते करू नका. नॅसवर युजर आणि पासवर्ड तयार करा, त्याचं सॉफ्टवेअर ताजं करा. रुग्णांचे कागद पासवर्डशिवाय उघडत होते हीच मुळात काळजीची गोष्ट होती.

सकाळचं रखडणं. इथे कंपनी आणि नेटवर्कवाला यांचं भांडण पाच मिनिटांत मिटवता येतं. बरोबर साडेदहाला सर्व्हरच्या मशिनसमोर बसा आणि तिथेच तोच पेशंट उघडा. तिथेही रखडत असेल तर नेटवर्कवाला सुटला, कारण मध्ये वायरच नाही. तिथे झटकन उघडून रिसेप्शनवर रखडत असेल तर वायर, स्विच आणि फायरवॉल बघा. माझा अंदाज पहिला. नवं मशिन कितीही दणकट असो, एक्सप्रेस आवृत्ती डेटा हाताळायला सुमारे १.४ जीबी रॅम आणि जास्तीत जास्त चार कोअर वापरते. ३२ जीबी रॅमचे पैसे तिच्या दृष्टीने वाया. शिवाय २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेस आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, २०२५ मध्ये ती ५० झाली. तुमचा डेटाबेस नऊच्या पुढे असेल तर रखडण्यापेक्षा मोठं संकट दारात उभं आहे: एक दिवस नवी एंट्री सेव्हच होणार नाही. पण त्याआधी साध्या गोष्टी बघा. अँटिव्हायरस डेटाबेसची फाइल दर वेळी चाळतोय का? दहा वाजता कुठलं काम आपोआप सुरू होतंय का? आणि कंपनीला विचारा, अपग्रेडनंतर इंडेक्स आणि स्टॅटिस्टिक्स (डेटाबेसला नोंदी पटकन शोधायला मदत करणाऱ्या याद्या) नव्याने केले का. "ते काय असतं" असं उत्तर आलं तर त्यांच्या वरच्या माणसाला फोन लावा.

लॅबचं मशिन किंवा सोनोग्राफी जोडलेली असेल तर सर्व्हरचा आयपी पत्ता बदलला का हेही बघून घ्या. ती यंत्रं अजून जुन्या पत्त्यावरच रिपोर्ट पाठवत असतात. यूएसबीच्या वायरीने लॅबचं मशिन जोडलं असेल तर कॉम पोर्टचा नंबर बदललेला असतो. दोन्ही कामं दहा मिनिटांची, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

आता ते न दिसलेलं दुखणं. एक्सप्रेस आवृत्तीत ठरल्या वेळी बॅकअप घेणारी सोय नसते. त्यामुळे कोणीतरी कधीतरी विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एक काम लावून ठेवलेलं असतं, रोज रात्री अमुक वाजता बॅकअप. ते काम जुन्या मशिनवर होतं. नव्या मशिनबरोबर ते आपोआप येत नाही. बॅकअपचा फोल्डर उघडा आणि शेवटच्या फाइलची तारीख बघा. शनिवार असेल, तर गेले चार दिवस तुमचं हॉस्पिटल बॅकअपशिवाय चालू आहे, आणि महावितरणचा एक झटका पुरे आहे. मी हे इतक्या ठिकाणी पाहिलंय की हल्ली नवं मशिन दिसलं की आधी तोच फोल्डर उघडतो. फाइल रोजची असेल तर तिचा आकारही बघा. शनिवारची चार जीबी आणि कालची बारा केबी असेल तर तो बॅकअप नाही, नुसतं नाव आहे.

कंपनीशी बोलताना "सॉफ्टवेअर चालत नाही" असं फोनवर सांगू नका, त्याचं उत्तर "रिस्टार्ट करा" एवढंच असतं. लेखी पाठवा आणि एका मेलमध्ये एकच तक्रार. साधारण अशी: "सकाळी १०.४०, रिसेप्शनचा दोन नंबरचा कॉम्प्युटर. अमुक नंबरच्या पेशंटचं डिस्चार्ज कार्ड छापलं. सल्ल्याच्या रकान्यात प्रश्नचिन्हं आली. स्क्रीनवरही तसंच दिसतं. त्याच पेशंटचा ओपीडी पेपर बरोबर छापला. फोटो जोडला आहे." पेशंटचं नाव फोटोत दिसत असेल तर झाका. ते रिमोट घेऊन, म्हणजे त्यांच्या ऑफिसातून तुमचं मशिन चालवून, काम करत असतील तेव्हा कोणीतरी समोर बसा आणि काय बदललं ते वहीत लिहा. काम झालं की रिमोटचा कायमचा पासवर्ड काढून टाका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यात ही जबाबदारी हॉस्पिटलवरच ठेवली आहे, कंपनीवर ढकलून मोकळं होण्याची सोय त्यात नाही.

कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवाव्या लागतात, आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. "सॉफ्टवेअर अपग्रेड झालंय" हे त्याला उत्तर होत नाही. म्हणून न उघडणाऱ्या रिपोर्टांचा फोल्डर निदान हाताने शोधता येईल असा तरी करून ठेवा. दुसरं, तुमच्याकडे सोनोग्राफी असेल तर फॉर्म एफ, म्हणजे गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी भरायचा फॉर्म. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जावा लागतो. आणि पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणाऱ्या, कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्या फॉर्ममधली चूक किंवा त्रुटी हीच उल्लंघन धरली जाते. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सोनोग्राफी करणाऱ्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही तरतूद कायम ठेवली. त्यामुळे या महिन्यातल्या प्रत्येक फॉर्मवरचं वय आणि तारखा, अगदी शेवटच्या पाळीची तारीखही, कागदाशी ताडून बघा. ७ मार्चची पाळी ३ जुलै छापली गेली तर अडचणीत डॉक्टर येतात, सॉफ्टवेअर नाही.

थोडक्यात क्रम असा ठेवा: आज रात्री दोन्ही बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आणि रोजचा बॅकअप पुन्हा सुरू, मराठीची चाचणी, बिघडत असेल तर टायपिंग बंद, जुन्या फाइलींवर सेव्ह बंद. उद्या ६ जानेवारीची मोजणी आणि सर्व्हरसमोर बसून वेगाची चाचणी. येत्या शनिवार-रविवारी गेल्या शनिवारचा बॅकअप बाजूला उघडून तारखा आणि मजकुराची दुरुस्ती. रिपोर्टांचा पत्ता यात कधीही बसेल.

परत जाण्याचा विचार मी एकाच स्थितीत करीन. मराठी मजकूर जातोय हे चाचणीत सिद्ध झालं आणि कंपनीने दोन दिवसांत दुरुस्ती दिली नाही, तर. तेव्हाही आधी पेशंट नंबर आणि बिल नंबर देणारे आकडे आजच्या पुढे नेऊन ठेवायचे, म्हणजे सोमवारपासून दिलेला एकही नंबर पुन्हा कोणाला जाणार नाही, मगच मधल्या एंट्री कागदावरून टाकायच्या. आणि पुढच्या वेळी शनिवारी रात्री अपग्रेड करू देऊ नका. कंपनीला ते सोयीचं असतं, पण रविवारी त्यांचा फोन कोणी उचलत नाही आणि सोमवारी तुमची ओपीडी सगळ्यात मोठी असते. मंगळवारी रात्री करा. सॉफ्टवेअर आणि मशिन एकाच रात्री बदलायचं नाही, मध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या.

६ जानेवारीचा आकडा किती निघाला ते कळवा. शेकड्यात असेल तर शनिवार आणि आजची तारीख शेजारी लावणारी क्वेरी लिहून देतो, तुमच्या कंपनीच्या माणसाला ती नुसती चालवायची आहे.